डॅन्यल जे. मॉरेल

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर १९०६ ते १९६६ अशी साठ वर्षे लोहधातुकाची वाहतूक करणारी पोलादी मालवाहू आगबोट. २९ नोव्हेंबर १९६६ रोजी पहाटे ह्यूरन सरोवरातील वादळात ती मध्यभागी दुभंगून बुडाली व तीवरील २९ जणांपैकी २८ जण मृत्युमुखी पडले. गोड्या पाण्यात चालणाऱ्या आगबोटींना लाभणारे दीर्घायुष्य आणि त्या दीर्घायुष्यातच दडलेला धोका, या दोन्ही गोष्टी या बोटीच्या इतिहासावरून स्पष्ट होतात. पत्र्यांची जाडी शाबूत राहिली म्हणजे बोट बळकट राहिली, हा सरोवरांवरील वाहतुकीत रूढ असलेला समज या दुर्घटनेने फोल ठरविला.

पार्श्वभूमी : सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईअरी व आँटॅरिओ ही पाच सरोवरे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या सरहद्दीवर परस्परांना जोडून पसरलेली आहेत. सुपीरिअर सरोवराच्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील प्रदेशांत लोहधातुकाचे, तर पेनसिल्व्हेनियाच्या परिसरात दगडी कोळशाचे विपुल साठे सापडले. धातुक जलमार्गाने दक्षिणेकडे आणून ते कोळशाजवळ वितळविणे सर्वांत स्वस्त पडत असल्याने ईअरी सरोवराच्या काठी व त्यामागील प्रदेशात पोलादाचे मोठे कारखाने उभे राहिले. सुपीरिअर सरोवराची पातळी ह्यूरन सरोवरापेक्षा सु. ६·५ मी. उंच आहे. या दोहोंमधील सेंट मेरीज नदीचे खळाळ टाळण्यासाठी सू येथे जलपाशयुक्त कालवा १८५५ मध्ये खुला झाला आणि अखंड जलवाहतुकीचा मार्ग मोकळा झाला. हिवाळ्यात पाणी गोठत असल्यामुळे ही वाहतूक साधारणतः एप्रिल ते डिसेंबर या काळातच चालते. साहजिकच बर्फ धरण्यापूर्वी आणखी एक खेप पदरात पाडून घेण्याकडे बोटमालकांचा कल असे. नोव्हेंबर हा तर वादळांचा महिना. या सुमारास सरोवरांचे पाणी तुलनेने उबदार असते व त्यावरून उत्तरेकडील अतिशीत हवा वाहू लागली की प्रचंड वादळे उद्‌भवतात. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांतील वादळात बारा आगबोटी नष्ट होऊन अडीचशेहून अधिक माणसे दगावली होती.

बांधणी व रचना : ही बोट मिशिगन राज्यातील वेस्ट बे सिटी येथील गोदीत बांधली गेली व २२ ऑगस्ट १९०६ रोजी तिचे जलावतरण झाले. तिची लांबी सु. १८४ मी. व रुंदी सु. १८ मी. होती आणि ती सु. १२,००० टन धातुक वाहून नेऊ शकत असे. त्या काळी सरोवरांवरील सर्वांत मोठ्या बोटींत तिची गणना होई. ती केंब्रिया पोलाद उद्योगाच्या वाहतूक कंपनीसाठी बांधली होती. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅन्यल जॉन्सन मॉरेल (१८२१–८५) यांचे नाव तिला देण्यात आले. जॉन्सटाउनच्या वरच्या अंगास असलेल्या साउथ फोर्क धरणाच्या मजबुतीविषयी मॉरेल यांनी धरणाच्या मालकांना इशारा दिला होता. तो मानला गेला नाही. मॉरेल यांच्या मृत्यूनंतर, ३१ मे १८८९ रोजी ते धरण फुटले व दोन हजारांवर माणसे बुडाली. पुढे १९२३ मध्ये केंब्रियाची मालमत्ता बेथलीएम स्टील या पोलाद कंपनीकडे गेली आणि ही बोटही तिच्या व्यवस्थापनाखाली आली.

बोटीची ठेवण सरोवरांवरील धातुकवाहू बोटींच्या ठरीव नमुन्याप्रमाणे होती. सुकाणूघर व अधिकाऱ्यांच्या खोल्या अगदी पुढे नाळेवर, तर एंजिन, बाष्पित्रे व स्वयंपाकघर पिछाडीस असत. या दोहोंमध्ये मालकोठ्यांचा लांबलचक सलग पट्टा व त्यावर ओळीने झाकणांची तोंडे असत. धातुक भरण्याच्या धक्क्यावरील घसरपट्ट्या एकमेकींपासून सु. ३·७ मी. अंतरावर असत आणि झाकणांच्या तोंडांमधील अंतरही त्या हिशेबानेच ठरविलेले असे. घसरपट्ट्या खाली सोडल्या की धातुक आपल्याच वजनाने मालकोठ्यांत कोसळे. ते उतरविण्यासाठी ईअरी सरोवराकाठच्या बंदरांत ह्यूलेट नावाची अवाढव्य यंत्रे वापरीत. त्यांचे पोहरे एका घासात दहा ते सतरा टन धातुक उचलीत. त्यामुळे पूर्वी ज्या कामास कित्येक दिवस लागत, ते काही तासांत उरकू लागले.

महासागरावरील जहाजांच्या मानाने सरोवरांवरील बोटी लांबीला अधिक व उंचीला कमी असतात. जलपाशांची व बंदरांची मर्यादित खोली आणि महासागराहून लहान लाटा ही त्याची कारणे होत. अशा बोटीची गणना अभियंते दोन टोकांशी आधार दिलेल्या लांब तुळईसारखी करतात. लाटेचा माथा बोटीच्या मध्यभागी आला म्हणजे मध्य उचलला जाऊन दोन्ही टोके खाली झुकतात आणि डेक ताणला जातो. दोन माथे दोन टोकांखाली आले म्हणजे मध्य खचतो, डेक दाबला जातो व तळ ताणला जातो. वादळात हे दोन्ही प्रकार दर काही सेकंदांनी आळीपाळीने घडत राहतात. त्यांचा सर्वाधिक भार मध्यभागी पडतो आणि झाकणांच्या तोंडांच्या कोपऱ्यांशी प्रतिबले एकवटतात.

कार्यकाल : एका हंगामात अशी बोट सामान्यतः तीस ते चाळीस खेपा करी. जाताना ती बहुधा रिकामी किंवा कोळसा घेऊन आणि येताना धातुक घेऊन येई. दोन महायुद्धांच्या काळात अमेरिकेच्या पोलाद उत्पादनाचा कणा म्हणजे हीच वाहतूक होती. पहिल्या प्रतीचे धातुक संपत आल्यावर १९५०-६० च्या दशकात टॅकोनाइट या निकृष्ट धातुकापासून केलेल्या गोळ्यांची वाहतूक सुरू झाली. या बोटीने तीही केली. १९५६ मध्ये तिचे मूळचे एंजिन काढून त्या जागी एकदिश-प्रवाही प्रकारचे नवे वाफ एंजिन बसविण्यात आले. या प्रकारात वाफ सिलिंडराच्या टोकांकडून आत शिरते व मध्यावरून बाहेर पडते. सिलिंडराची टोके त्यामुळे वारंवार थंड होत नाहीत व इंधनाची बचत होते. पन्नाशीला आलेल्या बोटीवर असा खर्च करणे मालकांना परवडले, यावरून तिच्याकडून आणखी बरीच वर्षे कामाची अपेक्षा होती हे उघड आहे.

ही अपेक्षा निराधार नव्हती. खाऱ्या पाण्यात पोलादी पत्रे झपाट्याने गंजत असल्याने समुद्रावरील मालवाहू जहाज पंचवीस-तीस वर्षांत मोडीत काढावे लागते. सरोवरांचे पाणी गोडे व थंड असल्याने तेथे गंज अतिशय सावकाश चढतो. शिवाय वर्षातील तीन-चार महिने बोट धक्क्याला बांधलेली असते व त्या अवधीत तिची डागडुजी करता येते. १९०६ सालीच जलावतरण झालेली दुसरी एक आगबोट सेंट मेरीज चॅलेंजर या नावाने सिमेंटची वाहतूक करीत २०१३ पर्यंत, म्हणजे १०७ वर्षे, वाफेवर चालत होती. त्यानंतर ती एंजिनविरहित गाधा म्हणून वापरण्यासाठी बदलून घेण्यात आली.

दुर्घटना : नोव्हेंबर १९६६ च्या अखेरीस ही बोट बफालोजवळील लॅकावॉना येथून हंगामातील शेवटच्या खेपेस निघाली. मिनेसोटा राज्यातील टॅकोनाइट हार्बर हे तिचे गंतव्य स्थान होते. मालकोठ्या रिकाम्या असल्याने स्थैर्यासाठी टाक्यांत पाणी भरलेले होते. १९०६ मध्येच बांधलेली तिची भगिनी बोट एडवर्ड वाय. टाउनसेंड ही त्याच मार्गाने जात होती. २८ नोव्हेंबरच्या रात्री ह्यूरन सरोवरात वादळ वाढत गेले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किमी.पर्यंत पोहोचला आणि लाटा सहा ते साडेसात मी. उंच उसळू लागल्या. सरोवरातील लाटा महासागरी लाटांपेक्षा आखूड व अधिक उभ्या असल्याने बोटीला एका लाटेतून सावरण्यापूर्वीच दुसरीस तोंड द्यावे लागते. माघारी वळावे, तर वळताना बोटीची कूस लाटांसमोर उघडी पडते. त्यामुळे नाळ वाऱ्याकडे ठेवून संथपणे पुढे जाणे एवढाच मार्ग दोन्ही कप्तानांपुढे उरला होता. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने त्यांचे बिनतारी दूरध्वनीवर बोलणे झाले; तेच शेवटचे ठरले.

पहाटे दोनच्या सुमारास मिशिगनच्या ‘अंगठा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्वीपकल्पाच्या उत्तरेस बोटीचा डेक मध्यभागी फाटला. एंजिन व वीजजनित्रे मागील भागात असल्यामुळे विजेच्या तारा तुटताच पुढील भाग अंधारात बुडाला. बिनतारी यंत्र पुढील भागातील सुकाणूघरात होते, पण त्याचा वीजपुरवठाही बंद पडला. परिणामी संकटाचा संदेश जाऊ शकला नाही. सरोवरांवरील प्रथेप्रमाणे जीवरक्षक होड्या पिछाडीस होत्या. पुढील भागातील माणसांसाठी डेकवर एक तराफा होता. बोट बुडाली की तो आपोआप तरंगेल या हिशेबाने ती माणसे त्यावर बसून राहिली. दोन्ही भाग अलग होताच मागील भागाने, एंजिन चालूच असल्याने, पुढील भागास रेटा दिला व बाजूने निसटून तो दिवे लागलेल्या स्थितीत अंधारात निघून गेला. पुढील भाग लवकरच बुडाला. मागील भाग मात्र कप्तान व सुकाणू यांवाचून आणखी सु. ८ किमी. अंतर चालत गेला आणि मग तळाशी गेला. दोन्ही अवशेष परस्परांपासून तेवढ्याच अंतरावर ६० मी.हून अधिक खोलीवर पडलेले आहेत.

तराफ्यावर शेवटी चारच जण राहिले. त्यांपैकी तिघे पहिल्याच दिवशी थंडीने गारठून मरण पावले. डेनिस हेल हा २६ वर्षांचा पहारेकरी खलाशी तेवढा वाचला. झोपेतून उठून धावल्यामुळे त्याच्या अंगावर आखूड चड्डी, जीवरक्षक जाकीट व जाड लोकरी डगला एवढीच वस्त्रे होती. सु. ३८ तासांनंतर, ३० नोव्हेंबर रोजी दुपारी चारच्या सुमारास तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला किनाऱ्याजवळील तराफ्यावरून उचलले. पुढे त्याने आपला अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो २०१५ मध्ये मृत्यू पावला.

बोट हरवल्याची वर्दी तटरक्षक दलास मिळाली ती ३० नोव्हेंबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, म्हणजे दुर्घटनेनंतर सु. ३४ तासांनी. वादळात बोटी आडोशाला थांबत आणि काही काळ त्यांचा ठावठिकाणा न कळणे नेहमीचे असल्यामुळे या मौनाने कोणासही लवकर काळजी वाटली नाही. नेमलेल्या वेळी आपले स्थान कळविण्याची सक्तीची पद्धत असती, तर शोध एक दिवस आधी सुरू होऊ शकला असता. तराफ्यावरील तिघांच्या दृष्टीने हा विलंब सांगाड्याच्या दोषाइतकाच घातक होता.

कारणमीमांसा : तटरक्षक दलाच्या चौकशीत बोटीच्या सांगाड्याचे मध्यभागी झालेले संरचनात्मक भंजन हे बुडण्याचे कारण ठरले आणि त्यामागे पोलादाचा ठिसूळपणा असल्याचे दिसून आले. १९४८ पूर्वी बांधलेल्या बोटींत हा दोष सर्रास आढळतो, असाही निष्कर्ष निघाला.

नेहमीच्या तापमानाला मृदू पोलाद तन्य असते. ताण वाढल्यास ते तुटण्यापूर्वी लांबते व बरीच ऊर्जा शोषून घेते. तापमान एका विशिष्ट पल्ल्याखाली गेले की तेच पोलाद काचेप्रमाणे वागू लागते. एखाद्या खाचेपासून वा छिद्रापासून निघालेला तडा मग कोणतीही पूर्वसूचना न देता क्षणार्धात पत्र्यातून धावत जातो. हा संक्रमणाचा पल्ला पोलादातील घटकांवर अवलंबून असतो. गंधक व फॉस्फरस जास्त आणि कार्बनाच्या मानाने मँगॅनीज कमी असेल, तर पोलाद तुलनेने वरच्या तापमानालाच ठिसूळ होते. कणांची स्थूलता हेही एक कारण असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे जहाजबांधणीचे पोलाद ताणबळाच्या कसोटीस उतरत असे. परंतु खाच पाडलेला नमुना थंड स्थितीत आघाताने तोडून पाहण्याची चाचणी, जिला फ्रेंच अभियंते झॉर्झ शार्पी यांच्या नावाने ओळखतात, तेव्हा जहाजाच्या पत्र्यांना लावली जात नव्हती.

हा दोष जगाच्या नजरेस आला तो दुसऱ्या महायुद्धात. १६ जानेवारी १९४३ रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्कनेक्टडी ही नवी तेलवाहू बोट धक्क्याशी शांत पाण्यात उभी असताना मोठा आवाज होऊन दुभंगली. घाईने बांधलेल्या लिबर्टी प्रकारच्या अनेक जहाजांतही असेच तडे आढळले. प्रथम सारा दोष वितळजोडकामावर टाकण्यात आला. केंब्रिज येथील धातुवैज्ञानिक कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र पोलाद स्वतःच थंडीत ठिसूळ होते, हे दाखवून दिले. वितळजोडामुळे तड्याला एका पत्र्यातून दुसऱ्यात जाण्यास सलग वाट मिळते, एवढाच जोडकामाचा भाग होता. या संशोधनानंतर जहाजांच्या पोलादाची मानके सुधारण्यात आली. १९४८ हे वर्ष सीमारेषा मानले जाते ते यामुळेच.

सुधारित मानके नव्या बोटींना लागू झाली. जुन्या बोटींचे पोलाद होते तेच राहिले. रिव्हेटांनी जोडलेल्या बोटीत तडा पत्र्याच्या कडेशी थांबतो, असा भरवसा वाटत असल्याने त्यांच्याविषयी फारशी चिंता केली गेली नाही. नियमित तपासण्यांत पत्र्यांची उरलेली जाडी मोजीत, सैल रिव्हेट बदलीत, गंज खरवडीत. यांपैकी कोणत्याही कृतीने पोलादाचा ठिसूळपणा उघडकीस येत नाही, कारण तो झीज होऊन आलेला दोष नसून पत्र्यात जन्मतःच असलेला गुण आहे. समुद्रावर चालली असती, तर ही बोट गंजून १९३५ च्या सुमारासच मोडीत निघाली असती. गोड्या पाण्याने तिचे पत्रे राखले आणि त्यांबरोबर १९०६ चे पोलादही १९६६ च्या वादळापर्यंत कामावर ठेवले. त्या रात्री हवेचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते. लाटांनी पडणारा भार आणि पोलाद ठिसूळ करणारी थंडी अशा रीतीने एकाच वेळी एकत्र आली.

या निष्कर्षास भगिनी बोटीने जणू दुजोरा दिला. टाउनसेंड बोट त्याच वादळातून कशीबशी निभावून सेंट मेरीज नदीत पोहोचली, तेव्हा तिच्या डेकमध्ये तडा गेल्याचे आढळले. तिला पुन्हा वाहतुकीची परवानगी मिळाली नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये मोडीत काढण्यासाठी स्पेनकडे ओढून नेली जात असताना ती न्यू फाउंडलंडच्या आग्नेयीस अटलांटिक महासागरात दुभंगून बुडाली. त्यापूर्वी १८ नोव्हेंबर १९५८ रोजी मिशिगन सरोवरात कार्ल डी. ब्रॅडली ही १९२७ मध्ये बांधलेली आगबोट अशाच वादळात दुभंगली होती व तीवरील ३५ पैकी ३३ जण मरण पावले होते. ती घटना सर्वांस ज्ञात असूनही तिच्याहून एकवीस वर्षांनी जुन्या बोटी नोव्हेंबरच्या वादळात जात राहिल्या.

परिणाम : या दुर्घटनेनंतर १९४८ पूर्वीच्या लांब बोटींच्या सांगाड्यांचे बळ आणि वादळी हवामानातील त्यांची वाहतूक हे प्रश्न ऐरणीवर आले. पण त्या बोटींचे युग संपले ते मुख्यतः आर्थिक कारणांनी. सू येथील नवा विस्तृत पो जलपाश १९६९ मध्ये कार्यान्वित झाला आणि १९७२ मध्ये बेथलीएम स्टीलचीच स्ट्यूअर्ट जे. कॉर्ट ही सु. ३०५ मी. लांबीची बोट वाहतुकीस लागली. अशी एक बोट १९०६ च्या नमुन्याच्या चार-पाच बोटींचे काम करू लागल्याने जुन्या आगबोटी एकामागून एक मोडीत निघाल्या. नव्या पोलादाने सरोवरांवरील सर्वच धोके दूर झाले, असे मात्र नाही. १९५८ मध्ये बांधलेली एडमंड फिट्सजेरल्ड ही आगबोट १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरिअर सरोवरातील वादळात तीवरील सर्व २९ जणांसह बुडाली.

मॉरेल बोटीच्या उदाहरणाचे महत्त्व नौकानयनापुरते मर्यादित नाही. जुने पूल, टाक्या, नळमार्ग व बाष्पित्रे यांचे आयुष्य ठरविताना धातू किती झिजला याबरोबरच तो कोणत्या काळातील, कोणत्या घटकांचा व कोणत्या तापमानाला कसा वागणारा आहे, हेही तपासावे लागते. एंजिन बदलता येते, रिव्हेट बदलता येतात. परंतु ज्या पदार्थाची सबंध संरचना घडलेली असते त्याचे मूळ गुणधर्म निगा राखून पालटत नाहीत.